भिरंडाच्या रंगाची वीज आणि विहिरीकडे पडलेले पॅनेल

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वनस्पतींपासून सौरघट बनवण्याविषयीचा आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. परंतु भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीच्या रंगावर उद्या गोव्यातील घरे उजळतील असा जो समज लेखाने करून दिला आहे, तो दिशाभूल करणारा आहे.

या घटात वनस्पतीचा वाटा केवळ प्रकाश शोषणाऱ्या रंगाचा. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा सच्छिद्र थर, त्याला धरून राहिलेला रंग आणि आयोडीनयुक्त द्रावण ही रचना ब्रायन ओरेगन व मायकल ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये मांडली, तेव्हा त्यांचा रंगही रुथेनियम या दुर्मिळ धातूपासून केलेला होता. भिरंडातील किंवा जास्वंदीतील अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य त्या जागी चालते हे खरे, पण अशा घटांची कार्यक्षमता, म्हणजे पडणाऱ्या उन्हापैकी विजेत बदलणारा वाटा, बहुधा एक-दोन टक्क्यांपुढे जात नाही. बाजारातले सिलिकॉनचे पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचते. तेवढ्याच विजेसाठी दहा-वीस पट छप्पर आणायचे कोठून? शिवाय हा रंग उन्हात विटतो. लेखात यातले एक अक्षर नाही.

खरे महत्त्वाचे काम तर लेखकाने वगळलेच. अमेरिकेतील जॉर्जिया टेक आणि पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये लाकडातील सेल्युलोजच्या पातळ पापुद्र्यावर सौरघट तयार केला. कार्यक्षमता २.७ टक्केच, पण साध्या पाण्यात बुडवला की पापुद्रा विरघळतो आणि घटाचे भाग सुटे होतात. याचे मोल मला विशेष वाटते, कारण गेल्या पावसाळ्यात नारळ पडून आमच्या छपरावरचे एक पॅनेल फुटले. बसवणाऱ्या कंत्राटदाराने नवे घ्या म्हणून सांगितले, पण फुटके न्यायला साफ नकार दिला. कचऱ्याच्या गाडीने ते घेतले नाही. भंगारवाल्याला ॲल्युमिनियमची चौकट तेवढी हवी होती, आणि काच, प्लास्टिक, शिशाचा डाख हे सारे माझ्या माथी मारून तो जाणार होता. ते पॅनेल अजून विहिरीकडे पडून आहे, आणि त्याच विहिरीचे पाणी आम्ही पितो. तीन किलोवॅटची यंत्रणा छपरावर चढवायला ७८,००० रुपये अनुदान मिळते. निकामी झालेले पॅनेल न्यायला मात्र कोणी येत नाही. केंद्राच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार २०३४-३५ पर्यंतचा असा कचरा उत्पादकांनी साठवून ठेवायचा आहे, पण आमच्या अंगणातून तो त्यांच्यापर्यंत न्यायचा कोणी?

जाता जाता आणखी एक. विज्ञानाचे पान आधीच आठवड्यातून एकदा, त्यात निम्म्यावर जाहिरात. मग उरलेल्या जागेत संशोधक कोण आणि संस्था कोणती एवढे तरी छापायला हवे होते.

पुढील आठवड्यात याच पानावर, गोव्यातील घरमालकाने फुटलेले सौर पॅनेल कोठे आणि कोणाच्या स्वाधीन करावे, याची संबंधित खात्याकडून विचारून घेतलेली माहिती प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, फोंडा