तळ्यावरच्या पांढऱ्या पतंगाला नाव देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानले, पण तेवढ्याने समाधान झालं नाही. तुम्ही काय केलंत ते इतरांनाही कळावं, म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या तळ्याकाठच्या दिव्यावर पावसाळ्यात येणारा तो इवलासा पांढरा पतंग. पंखांवर फिकट तपकिरी पट्टे, तोंडापुढे चोच आल्यासारखे पाल्प, म्हणजे तोंडाजवळच्या छोट्या स्पर्शिका. आजूबाजूला भाताची खाचरं असल्याने भातावरची कीड समजून 'सुरळीतल्या अळीचा पतंग' असंच सगळे म्हणत. फोटो पाहून तुम्हीही तसंच म्हणाला असतात, तर कुणी शंका घेतली नसती. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "अळी कशावर मिळाली?"

त्या प्रश्नामुळे आम्ही तळ्यातलं हायड्रिला हे पाणतण उपसून परातीत पसरलं. पानांचे तुकडे रेशमाने जोडून केलेल्या घरट्यात अळ्या होत्या. अंगावर दोन्ही बाजूंनी फाटे फुटलेले पांढरे तंतू! ते कल्ले असतात आणि त्यांच्या जोरावर अळी पाण्याखाली श्वास घेते, हे तुमच्याकडूनच कळलं. पाण्यात राहणारी पतंगाची अळी मी तोवर पाहिलीच नव्हती.

तरीही तुम्ही घाईने नाव सांगितलं नाहीत, कारण भातावरच्या सुरळीतल्या अळीलाही असेच कल्ले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पतंगाच्या पोटाच्या बुडाशी असलेले कान आणि त्यांच्यापुढचा बारीक पापुद्रा तुम्ही मला दाखवलात. तो पापुद्रा असला की पतंगाचं कुळ क्रॅम्बिडी. मग नेमकी जात ठरवायला पोटाचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून, कुंचल्याने खवले झाडून जननेंद्रियांची स्लाइड केलीत. इतक्या नाजूक कामात तुमचा हात किंचितही हलला नाही.

नाव निघालं पॅरापॉइंक्स डिमिन्युटॅलिस. डच कीटकशास्त्रज्ञ स्नेलेन यांनी १८८० मध्ये वर्णन केलेली ही जात. तिचं मुख्य खाणं हायड्रिला. भातावरची ती पॅरापॉइंक्स स्टॅग्नॅलिस. हायड्रिलाने जलाशय भरलेल्या अमेरिकेतल्या फ्लोरिडात डिमिन्युटॅलिस १९७६ मध्ये सापडला, हेही तुम्ही सांगितलंत. आमच्याकडे तर तो शेजारीच राहत होता, बिननावाचा. शेतकऱ्यांना आता सांगता येतं, की दिव्यावरच्या या पतंगासाठी भातावर फवारणी नको.

सर, या सगळ्याचा एक पैसाही तुम्ही घेतला नाहीत. नमुन्यांवर ठिकाण, तारीख आणि 'हायड्रिलावर' अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे. येत्या पावसाळ्यात मुक्कामालाच या. दिवा आणि पांढरा पडदा तयार ठेवते.

आपली ऋणी,
तळ्याकाठची एक शिक्षिका