रविवारी जाऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. धाकट्या बहिणीला तिचा नवरा मारतो, म्हणून येत्या रविवारी गाडी घेऊन तिच्या घरी जायचं, तिला तिथून उचलायचं आणि त्याला चार लोकांसमोर जाब विचारायचा, असं तू लिहिलंयस. म्हणून काल फोन करून एवढंच म्हणाले, की माझं उत्तर हातात पडेपर्यंत जाऊ नकोस. तू गप्प झालास. तुला लागलं असणार. दुसऱ्या कुणी अडवलं असतं तर समजण्यासारखं होतं, पण जी स्वतः ह्यातून गेली तीच थांब म्हणते! ते का, हे फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

पण एका बाबतीत मात्र थांबू नकोस. पत्राच्या मध्यावर तू ओझरतं लिहून गेलास, की धाकटीचा आवाज बसला होता आणि ती म्हणाली, "त्याने गळा धरला, पण लगेच सोडला." तिला डॉक्टरांकडे ने. आजच्या आज. गळा आवळल्यावर बाहेरून वळ दिसतीलच असं नाही. आतून सूज येते, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, आणि त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनी सुरू होतो. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, चक्कर येते, मधलं काही आठवत नाही, असं जे काही असेल ते तिने डॉक्टरांना सांगायचं. "गळा दाबला होता" ह्याच शब्दांत सांगायचं. "पडले" म्हणायचं नाही. मी दोन वेळा "पडले" म्हणाले होते. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला काहीतरी कारण काढून बाहेर बसवलं, माझ्याकडे न बघता कागदावर लिहीत राहिल्या आणि हळूच विचारलं, "घरी सुरक्षित वाटतं का?" त्या दिवशीही मी खरं बोलले नाही. पण कुणीतरी विचारलं होतं, हे मी वर्षभर मनात धरून होते.

आणि गळ्याबद्दल इतकं का लिहिते, तेही ऐक. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की जोडीदाराने पूर्वी जिचा गळा आवळला होता, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त होती. तेव्हा "लगेच सोडला" ह्यावर समाधान मानू नकोस. त्याने तिला दाखवून दिलंय की तो काय करू शकतो.

आता रविवारबद्दल.

सगळ्यात जास्त धोका बाई निघते तेव्हा असतो. निघायच्या तयारीत असताना, निघताना आणि निघाल्यानंतरचे काही महिने. बाहेरच्यांना वाटतं की दाराबाहेर पाऊल पडलं म्हणजे सुटली. पण मारणाऱ्याला जे हवं असतं, तो ताबा, तोच त्या क्षणी त्याच्या हातून निसटत असतो. मी खोली शोधते आहे हे त्याला कळलं, त्या आठवड्यात जे झालं ते आधीच्या सहा वर्षांत झालं नव्हतं. तू जाब विचारशील, तो कदाचित मान खाली घालेल, माफीही मागेल. तुझी गाडी वळली की दार लागेल आणि आत ती असेल. समजा त्याच दिवशी तिला घेऊन आलास, तरी तिचे कागद तिथे, पैसे तिथे, मुलाचं दप्तर तिथे, आणि निर्णय तुझा. आठ दिवसांत ती परत गेली तर पुढच्या वेळी तुला फोन करणार नाही. लाज वाटेल तिला.

तुला आठवतं का, तू मला एकदा विचारलं होतंस, "मग तू निघत का नाहीस?" प्रेमानेच विचारलं होतंस. त्यानंतर चार महिने मी तुझ्याशी बोलले नाही. मला तो आरोप वाटला. घरी रोज ऐकत होते की तुला काही समजत नाही, तुला काही जमत नाही, आणि आता बाहेरचा माणूसही तेच म्हणत होता, निदान मला तसंच ऐकू आलं.

ह्या "का निघत नाही"चं उत्तर मारहाणीत सापडतच नाही, ते बाकीच्या दिवसांत असतं. माझ्या सहा वर्षांत त्याने हात उचलला ते दिवस मोजले तर फार भरणार नाहीत. पण फोन कुणाचा आला, घरी यायला दहा मिनिटं उशीर का, पगार कुठे ठेवायचा, मैत्रिणींशी किती बोलायचं, हे सगळे दिवस त्याचेच होते. अमेरिकेत डुलुथ नावाच्या शहरात १९८०च्या दशकात काही कार्यकर्त्यांनी मार खाल्लेल्या बायकांच्या गटांत बसून त्यांचं ऐकलं आणि त्यातून एक चाक काढलं. मध्यभागी सत्ता आणि ताबा. आरे कसले, तर धमकावणं, एकटं पाडणं, पैसे अडवणं, मुलांना मध्ये घालणं, "असं काही झालंच नाही" म्हणणं. शारीरिक आणि लैंगिक मारहाण ही बाहेरची धाव, जिच्यामुळे बाकीचे आरे घट्ट बसतात. ते चाक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माझ्या स्वयंपाकघरात बसून कुणीतरी हे काढलंय. पुढे इव्हान स्टार्क ह्या अभ्यासकाने २००७ साली ह्याच रोजच्या जखडण्यावर पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे. भारताच्या २००५च्या कायद्यातही शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ धरलेला आहे. धाकटी म्हणते ना, "तो नेहमीच मारत नाही," तर ते खरंच असेल. तिला खोटं पाडू नकोस.

आता तिला भेटशील तेव्हा काय बोलायचं. फार थोडं. "मला तुझं खरं वाटतं." "ह्यात तुझी चूक नाही." "तू ठरवशील तसं करू, आणि नाही ठरवलंस तरी मी आहे." त्याला शिव्या घालू नकोस. शिव्या घातल्यास की ती त्याची बाजू घेईल, कारण तिचं त्याच्यावर प्रेमही आहे. हे तुला पचणार नाही, पण मीही निघाल्यावर कित्येक रात्री त्याच्याच आठवणीने रडले आहे. दोघांना समोर बसवून समजुतीची बैठक तर मुळीच नको. त्याच्यासमोर ती खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

एक काम मात्र तिच्याबरोबर बसून करता येईल. जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या परिचारिकेने १९८५ साली धोका ओळखायची एक प्रश्नावली तयार केली, आणि तिची सुरुवात कॅलेंडरने होते. गेल्या वर्षभरात काय काय झालं, ते बाईने स्वतः त्या त्या तारखेवर लिहायचं. मला एका मदत केंद्रातल्या ताईंनी ते करायला लावलं होतं. मी म्हणाले, तीन-चार वेळा झालं असेल. लिहीत गेले तर सतरा खुणा झाल्या, आणि त्यातल्या अकरा शेवटच्या चार महिन्यांत. ताई काहीच बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. प्रश्नावलीत पुढे विचारतात, हत्यार घरात आहे का, जीव घेण्याची धमकी दिली का, गळा दाबला का, पाळत ठेवतो का, बेकारी आहे का. हे काम शिकलेल्या माणसाबरोबर व्हावं, म्हणून तिला अशा केंद्रापर्यंत पोचव. तू नुसता सोबत जा आणि बाहेर बस.

तयारीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती तिच्या गतीने व्हायला हवी. ओळखीचे आणि बँकेचे कागद, मुलाचा जन्मदाखला, औषधांच्या चिठ्ठ्या ह्यांच्या प्रती तुझ्याकडे. एक साधा शब्द ठरवा, जो तिने फोनवर उच्चारला की तू काही न विचारता पोलिसांना कळवायचं. ह्यातलं काहीही तिच्या फोनवर लिहून पाठवू नकोस. तिचा फोन, तिचं ईमेल, तिचं ठिकाण तो बघत असणार असंच धरून चाल. आणि ते घाईघाईने बंदही करू नका, कारण अचानक बंद झालं की त्याला कळतं. मुलाला शिकवायचं ते इतकंच, की मध्ये पडायचं नाही, शेजारी पळायचं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तू सगळं एकट्याने करायला निघालायस, आणि तिथेच तू थकशील. मी सुटले ती कुणा एका शूर माणसामुळे नाही. प्रत्येकाने एकेक बारीक, कंटाळवाणं काम केलं. वरच्या मजल्यावरच्या काकू आवाज वाढला की बेल वाजवून काहीतरी मागायच्या. भारतात २००८ साली "बेल बजाओ" नावाची मोहीम निघाली, तिचं सांगणंही हेच होतं, की बेल वाजवा, काहीही निमित्त करा, त्याला कळू दे की कुणीतरी ऐकतंय. काकूंना मोहिमेचा पत्ता नव्हता, त्यांना आपसूक सुचलं. ऑफिसातल्या एकीने पगाराचं खातं बदलायचा अर्ज भरून दिला आणि पुन्हा विषय काढला नाही. मुलीच्या वर्गशिक्षिकेने तिला कोण नेऊ शकतं त्याची यादी लिहून घेतली. आणि तू. चार महिन्यांच्या अबोल्यानंतर तू आलास, तुझ्या घराची जादा चावी माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, "ठेव. विचारायची गरज नाही, कधीही ये." मी ती चावी एकदाही वापरली नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात मी अडकलेली नव्हते. कुठे जायचं, हा प्रश्न सुटला होता.

लंडनमधल्या चिझिकचं पहिलं आसरागृहही असंच सुरू झालं, १९७१ साली. एरिन पिझी आणि सोबतच्या बायकांनी गप्पांसाठी, एकमेकींच्या मदतीसाठी एक छोटं घर उघडलं. त्या घरात एक बाई अंगावरचे वळ घेऊन आली, मग दुसरी, आणि घराचं आसरागृह झालं. योजना आखून झालं नाही. दार उघडं होतं म्हणून झालं.

निघाल्यानंतरच्या काळाबद्दल कुणी बोलत नाही. पहिल्या आठवड्यात सगळे येतात. जेवण आणतात, धीर देतात, "सुटलीस" म्हणतात. सहाव्या महिन्यात कोर्टाची तारीख चौथ्यांदा पुढे ढकलली जाते, मूल रात्री ओरडत उठतं, घरभाडं थकतं, आणि तेव्हा फोन वाजत नाही. मला सगळ्यात एकटं वाटलं ते तेव्हा, त्याच्या घरात असताना इतकं नव्हतं. मिशिगनमध्ये क्रिस सलिव्हन ह्या संशोधिकेने नेमकं ह्यावर काम केलं. आसरागृहातून बाहेर पडलेल्या २७८ बायकांपैकी साधारण निम्म्यांना दहा आठवडे एकेक प्रशिक्षित सोबतीण दिली. त्या विद्यार्थिनी होत्या, कुणी मोठ्या तज्ज्ञ नव्हेत. आठवड्याला काही तास त्या बाईला जे हवं त्यासाठी तिच्याबरोबर फिरायच्या, कधी घर, कधी नोकरी, कधी वकील, कधी मुलांची शाळा. काय हवं ते बाईनेच ठरवायचं. दोन वर्षांनी पाहिलं तर ज्यांना सोबत मिळाली त्यांच्यात पुन्हा अजिबात मारहाण न झालेल्या बायका दुपटीहून जास्त होत्या. हे १९९९ साली छापून आलं. मी वाचलं आणि मला तुझे गुरुवार आठवले. नऊ महिने दर गुरुवारी तू माझ्या मुलीला सांभाळायला येत होतास, म्हणून मी वकिलाकडे जाऊ शकले. तू त्याला मदत म्हणतही नव्हतास.

तर रविवारी गाडी नेण्याऐवजी बसून विचार कर, की धाकटीभोवती अशी पाच-सहा माणसं कोण आहेत ज्यांच्या पोटात गोष्ट राहते. तिला विचारल्याशिवाय त्यांतल्या एकालाही सांगू नकोस. तिची गोष्ट कुणाला कळावी हे इतकी वर्षं तो ठरवत होता, आता तू ठरवायला लागू नकोस. ती "हो" म्हणाली तर प्रत्येकाला एकच काम दे. पुढे तिने घर बदललं, तर नव्या घराचे फोटो कुणी कुठे टाकणार नाही एवढं बघ. आणि ती मध्येच परत गेली, तर "सांगितलं होतं ना" हे शब्द गिळ. दार तसंच उघडं ठेव.

हे फक्त तुझ्याच घरात घडलं असं वाटून घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जोडीदार असलेल्या किंवा कधी काळी असलेल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २७ टक्क्यांनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. तू रोज ज्यांच्याबरोबर काम करतोस त्यांत किती जणी असतील, बघ. म्हणूनच त्या पाच-सहा जणांना शोधायला तुला फार लांब जावं लागणार नाही.

हे पत्र वाचून झालं की कुणाच्याही हाती लागणार नाही अशा जागी ठेव, नाहीतर फाडून टाक. ते त्या घरात पोचता कामा नये. तिला वाटलं तर मी बोलेन तिच्याशी. तिने म्हटलं तरच. डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला कळव, रात्री कितीही वाजता.

आणि एक विचारायचं होतं. तुझ्या दाराचं कुलूप अजून तेच आहे का? ती चावी माझ्याकडेच आहे. तेच असेल तर पाठवते. तिला दे. सोबत काही बोलू नकोस, नुसती हातात ठेव.

तुझीच,
मैत्रीण