वनरक्षकदादांस, जीवशास्त्राच्या शिक्षकांकडून

वनरक्षकदादा, सप्रेम नमस्कार.

नववी-दहावीचा वर्ग अभयारण्यात न्यायचा म्हटलं की शिक्षक लांबलचक फेरी आखतात. रांगेतल्या पुढच्या दहा मुलांना काहीतरी दिसतं, मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी. तुम्ही आम्हाला फेरीऐवजी 20 बाय 20 मीटरचा एक तुकडा आखून दिलात आणि तिथेच बसून मोजायला लावलंत. त्याचे हे जाहीर आभार. इतर शिक्षकांनाही उपयोग व्हावा म्हणून तपशीलही देतो.

तुकड्याच्या दोन कडांना टेप अंथरायचे आणि चिठ्ठ्या काढून आलेल्या आकड्यांवरून चौकटीची, म्हणजे ज्याच्या आतली रोपं मोजायची त्या दोरीच्या चौरसाची, जागा ठरवायची. चौकट फेकून जागा ठरवू नये, कारण मुलं नकळत काटे नसलेल्या बाजूलाच फेकतात. चार मीटर दोरी आणि चार खुंट्यांत एक मीटरची चौकट होते, पण बाजू जुळल्या म्हणजे चौरस झाला असं नाही. दोन्ही कर्ण 141 सेंटीमीटर भरायला हवेत. एक कर्ण 100 वर आला तर क्षेत्रफळ 0.87 चौरस मीटरच उरतं आणि रोपं कमी मोजली जातात.

मूळ आत असेल तरच रोप मोजायचं. बाहेरून झुकलेली फांदी सोडायची. दोरीवरच्या रोपांवरून गटांत हमखास वाद होतो. डाव्या आणि खालच्या बाजूवरची धरायची, उरलेल्या दोन बाजूंवरची सोडायची, हा नियम आधीच सांगून ठेवावा. गवताचं एक रोप कुठे संपतं ते कळत नाही, म्हणून त्याचं आच्छादन टक्क्यांत घ्यायचं: आडव्या-उभ्या दोऱ्यांनी 10 सेंटीमीटरची शंभर घरं पाडली की एक घर म्हणजे एक टक्का. नावं येत नसतील तर 'प्रजाती क', 'प्रजाती ख' चालतं. मात्र सगळ्या गटांचा चित्रांचा तक्ता एकच हवा, नाहीतर एकाच रोपाला पाच नावं पडतात आणि विविधता फुगते.

चौकटीकडे एकाच बाजूने जायचं आणि बाहेर बसूनच नोंदी करायच्या, हे तुमचं सांगणं सर्वांत मोलाचं. रोपटी तुडवल्यावर मोजायला उरतं काय? निघताना खुंट्या आणि दोऱ्या मोजून घ्यायची सक्तीही योग्यच. मागे राहिलेल्या दोरीत प्राण्यांचे पाय अडकतात.

जंगलाची कड आणि आतला भाग यांची तुलना करायची तर दोन्हीकडे सारख्याच, निदान दहा-दहा चौकटी हव्यात. प्रकाशाचं माप फोनवर घेता येतं, पण फोन एकच ठेवावा. दोन फोनांचे आकडे जुळत नाहीत. आधी सगळी कड आणि मग सगळं आतलं मोजलं, तर मधल्या वेळात ऊन बदलतं. म्हणून एक माप कडेचं, एक आतलं, असं आलटून पालटून घ्यावं.

पाचोळ्याचे नमुने न्यायला तुम्ही लेखी परवानगी मिळवून दिलीत, त्यामुळे मातीतलं जग मुलांसमोर आलं. पाचोळा कापडी पिशवीतच न्यावा. बंद प्लास्टिकमध्ये उन्हात जीव मरतात. पाचोळ्यातले जीव वेगळे काढायला नरसाळ्यातल्या जाळीवर त्याचा पाच सेंटीमीटरचा थर, नरसाळ्याखाली भांडं आणि वर मंद, पण ऊब देणारा जुन्या पद्धतीचा बल्ब. एलईडी इथे निरुपयोगी, कारण जीव खाली सरकतात ते मुख्यतः वरचा थर सुकत जातो म्हणून. बल्ब फार जवळ आणला की पाचोळा झटकन वाळतो आणि स्प्रिंगटेलसारखे (पाचोळ्यातले उड्या मारणारे इवलेसे जीव) नाजूक जीव वाटेतच मरतात. दोन-तीन दिवस धीर धरावा. जिवंत पाहायचे असतील तर खाली ओला टिपकागद ठेवावा आणि भांडं वरचेवर बदलावं, नाहीतर शिकारी जीव बाकीच्यांना खाऊन टाकतात आणि मोजणी चुकते. पाहून झालं की जीव आणि पाचोळा जिथले तिथे परत.

सगळ्या नोंदवह्यांची एक प्रत तुमच्या चौकीत देत आहोत. तोच तुकडा पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायला द्याल, ही विनंती.

आपले,
जीवशास्त्राचे शिक्षक