कडेवरचं नाव

प्रिय दोस्ता,

स. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला. कारण सांगतो म्हणजे रागवायच्या ऐवजी हसशील. मी फसलो. इतकी वर्षं भिंग डोळ्याला लावून बसणारा मी, एका फोटोवर भाळलो आणि फसलो.

पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश नर्सची म्हणून दोन पदकं एकत्र विकायला होती. एक व्हिक्टरी मेडल आणि सोबत चक्क रॉयल रेड क्रॉस, तोही पहिल्या श्रेणीचा! हा क्रॉस म्हणजे काय चीज आहे हे तुला मागे सांगितलंच होतं. व्हिक्टोरिया राणीने 1883 साली खास लष्करी शुश्रूषेसाठी तो सुरू केला आणि पहिला मान फ्लॉरेन्स नाइटिंगेलला मिळाला. लाल मिन्याचा छोटासा क्रॉस, त्याच्या भुजांवर श्रद्धा, आशा, दया हे तीन इंग्रजी शब्द आणि खालच्या भुजेवर 1883. गडद निळी फीत, तिला किरमिजी कडा. बायकांसाठी ती फीत बो बांधून लावायची पद्धत. फोटोत तो बो इतका छान बसवला होता की माझं डोकं तिथेच बंद पडलं.

पार्सल आलं. क्रॉस हातात घेतला आणि पोटात गोळा आला. मधल्या गोलात राजाचा मुखडा असतो. पहिल्या महायुद्धाच्या वेळचा पंचम जॉर्ज दाढीवाला, दुसऱ्याच्या वेळचा सहावा जॉर्ज गुळगुळीत. माझ्या हातातला राजा गुळगुळीत! उलटा करून पाहिला, तर मागच्या खालच्या भुजेवर बारीक कोरलेलं साल: 1942. हे साल कोरायची पद्धत 1938 पासूनची. म्हणजे क्रॉस दुसऱ्या महायुद्धातला. विकणाऱ्याला लिहिलं, तर म्हणतो, बाईंनी दोन्ही युद्धांत काम केलं असेल. असेल! पण तसं बोलून पैसे परत द्यायचे टळतात, एवढंच.

या क्रॉसची खोड अशी की त्यावर नाव नसतं. एवढा मोठा मान, पण कोणाचा ते तो स्वतः सांगत नाही. सोबत कागद नसला की विकणारा सांगेल ती कथा. उलट ते साधं, कितीतरी जणांना मिळालेलं व्हिक्टरी मेडल बघ. ब्राँझचं, 36 मिलिमीटरचं, कोणी हौशीने घासून घासून पंखवाल्या देवीचं नाकडोळं पार पुसून टाकलेलं. (पदक पॉलिश करणाऱ्यांना काय शिक्षा द्यावी यावर मी वेगळं पत्र लिहीन.) पण कड फिरवली की नाव आहे. शिपायाच्या पदकावर आधी त्याचा नंबर असतो, नर्सच्या पदकावर नंबर नाही. हुद्दा, आद्याक्षर, आडनाव, संपलं. अक्षरं भिंगाखाली धरून मी आधी कड बोटाने चाचपली, मग कॅलिपर लावला. जुनं नाव घासून नवं ठोकलं असेल तर तिथे कड किंचित खचलेली लागते. इथे व्यास सगळीकडे सारखा. नाव अस्सल.

मग मी आठवडाभर त्या नावाच्या मागे लागलो. तुला गंमत वाटेल, पण खरी मजा हीच आहे. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या काळातल्या लष्करी नर्सेसच्या फायली आहेत, डब्ल्यूओ 399 या मालिकेत. कोणाला कोणतं पदक दिलं त्याची कार्डं वेगळी. कार्डावर आद्याक्षराचं पूर्ण नाव सापडलं आणि फाईलही सापडली. बाई 1917 साली भरती झाल्या, 1919 साली सुटल्या. मेट्रनचे शेरे, रजेचे अर्ज, एका कागदावर बूट भिजून पाय सुजल्याची नोंद. क्रॉसचा उल्लेख कुठेही नाही. लंडन गॅझेट, म्हणजे असे मान जाहीर होतात ते सरकारी राजपत्र, तेही चाळलं, तिथेही नाही. त्यांना शौर्याचं काही मिळालं नव्हतं. त्यांनी दोन वर्षं वॉर्डात काम केलं आणि त्या घरी गेल्या.

मला मिलिटरी मेडल, म्हणजे शौर्याचं पदक, मिळवलेल्या नर्सेसचं वेड होतं हे तुला आठवत असेल. 1916 च्या जूनपासून ते बायकांनाही मिळू लागलं आणि 1917 च्या जुलैमध्ये फ्रान्समधल्या त्रुआ-आर्ब्रच्या छावणी-रुग्णालयावर बॉम्ब पडले तेव्हा पेशंटना सोडून न गेलेल्या चार ऑस्ट्रेलियन सिस्टरना ते मिळालं. असली पदकं माझ्या खिशात कधी बसणार नाहीत, आणि आता त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

वाईट वाटतं ते त्या 1942 च्या बाईंचं. कुठे होत्या, काय केलं, काहीच कळायला मार्ग नाही. कोणीतरी भाव वाढावा म्हणून त्यांचा क्रॉस परक्या बाईच्या पदकाशी बांधला. दोघी एकाच डबीत! मी पहिल्याच दिवशी त्यांना वेगळ्या खणांत ठेवलं. बो सोडवला नाही, हिंमत झाली नाही.

आता तुझ्याकडे एक काम. व्हिक्टरी मेडल एकटं मिळत नसे. जोडीला चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल असणारच. 1980 च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा अशी कितीतरी पदकं भट्टीत गेली, आमच्या बाईंचंही गेलं असेल. पण नसेलही. तुझं फिरणं जास्त, जुन्या वस्तूंच्या दुकानांत डोकावायची तुला सवय. सोबतच्या चिठ्ठीवर आद्याक्षर आणि आडनाव लिहिलंय, हुद्द्यासकट. चांदीचं गोल पदक दिसलं की राजाकडे बघू नकोस, कड फिरव. आणि सापडलंच तर कृपा करून फडक्याने पुसायला जाऊ नकोस.

तुझा,
पदकवेडा