माप आजच्या अंगाचं घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि ब्लाऊज शिवणाऱ्यांकडे गठ्ठे येऊन पडतात. त्याच सुमारास पुरवण्यांतून ‘दंड बारीक दिसण्यासाठी’, ‘पोट झाकण्यासाठी’ असे सल्ले छापून येतात. शिवणकाम शिकवणारी म्हणून या सल्ल्यांबद्दल मला लिहायचं आहे. त्यांत अंग हाच दोष धरलेला असतो. ब्लाऊज काखेत काचला, बसल्यावर पट्टी रुतली, मागचा गळा उघडा पडला, की बाई आरशासमोर स्वतःलाच बोल लावते. शिवण उसवून पाहिली तर चूक बहुधा मापात किंवा बेतण्यात सापडते.

सुरुवात नमुन्याच्या ब्लाऊजपासून होते. ‘या मापाचा शिवा’ म्हणून जुना ब्लाऊज टेकवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पण वापरून वापरून सैलावलेला टू बाय टू रुबियाचा ब्लाऊज आणि अजिबात न ताणणारं ब्रोकेड यांचं माप एक कसं असेल? त्यात अनेकजणी मुद्दाम जुना, घट्ट ब्लाऊज देतात, कारण ‘लग्नापर्यंत उतरेन’ अशी आशा असते. वजन उतरो न उतरो, मुहूर्ताच्या दिवशी आवळलेला ब्लाऊज अंगावर असतो आणि सगळ्या समारंभात हात वर करायची सोय राहत नाही. म्हणून दर वेळी नवं माप घ्यावं. घरच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावं आणि सहा महिन्यांनी, बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या काळात पुन्हा घ्यावं. या काळांत अंग बदलणं अगदी स्वाभाविक आहे.

माप स्वतःचं स्वतः घेऊ नये, दुसऱ्या कुणाकडून घ्यावं. जी ब्रा ब्लाऊजखाली घालणार तीच घालावी. पोट आत ओढू नये, श्वास रोखू नये. टेप पाठीवर खाली घसरलेला नसावा, जमिनीला समांतर हवा, आणि त्याखाली एक बोट सहज सरकायला हवं. ब्लाऊजच्या खालच्या पट्टीचा घेर उभ्याने आणि खुर्चीवर बसून असा दोनदा मोजावा. बसल्यावर अनेकींचा घेर इंचभर तरी वाढतो. पंगतीला नाहीतर बसच्या प्रवासात ब्लाऊज रुततो तो याच इंचामुळे. दोन मापांतलं मोठं ते धरायचं. कोपरापर्यंतची बाही असेल तर बाहीची लांबी हात वाकवून मोजायची.

आता सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत जास्त वगळलं जाणारं माप: वरची छाती. टेप काखेखालून, स्तनांच्या वरून घ्यायचा. त्यानंतर नेहमीची पूर्ण छाती. समजा वरची छाती ३६ आणि पूर्ण छाती ४० आली. सगळा ब्लाऊज ४० वर बेतला तर खांदा, मुंढा (बाही जोडायचा काखेचा घेर), गळा, पाठ, सारंच मोठं होतं. खांदा उतरतो, गळा फुगतो. मग बाजूच्या शिवणी आवळल्या जातात आणि पुढे हुकांच्या मध्ये फटी पडतात. भरल्या छातीच्या बाईला ‘तुम्हाला फिटिंग बसतच नाही’ असं ऐकवलं जातं ते इथे. खरी रीत अशी की खांदा, मुंढा आणि पाठ ३६ वर बेतायची आणि वाढीव ४ इंच पुढच्या दोन भागांत २-२ इंच घालायचे. ते टक्स (उभार येण्यासाठी घेतलेले चिमटे) मोठे करून, कटोरीतून (वाटीच्या आकाराचा वेगळा कापलेला भाग) किंवा प्रिन्सेस कटमधून (छातीवरून खाली जाणारी उभी शिवण) बसवता येतात. दोन मापांतला फरक २ इंचांपेक्षा जास्त असेल तर साध्या टक्सपेक्षा कटोरी नीट बसते, असं माझं मत आहे. अशा अंगाला पुढची उंचीही मागच्यापेक्षा इंच-दीड इंच जास्त लागते. दोन्ही सारखी कापली की पुढची पट्टी वर चढते आणि बाई दिवसभर ब्लाऊज खाली ओढत राहते.

टक्स पॉइंट, म्हणजे छातीचा सर्वांत उंच बिंदू, खांद्यापासून मोजायचा आणि तोही दर वेळी, कारण वयानुसार तो खाली येतो. जुन्या जागी टक्स घातले तर कापड वर फुगतं आणि खाली दाबतं. टक्सचं टोक त्या बिंदूच्या अर्धा ते एक इंच अलीकडे संपवावं, नाहीतर चोच दिसते.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. काखेत काचतं म्हटलं की लगेच मुंढा खोल केला जातो. मुंढ्याचा घेरच कमी असेल तर थोडं कोरण्याने आराम मिळतो हे खरं. पण मुंढा गरजेपेक्षा खाली गेला की हात उचलताच बाही अख्ख्या ब्लाऊजला वर ओढते आणि दंडावर जास्तच काचते. मुंढा काखेलगत, खाली बोटभर जागा ठेवून असावा आणि बाहीला पुरेशी रुंदी द्यावी. दंडघेराच्या मापात किमान १ इंच मिळवावा, न ताणणाऱ्या कापडाला दीड.

पाठीला बाक आलेल्या स्त्रियांचा मागचा गळा मोकळा राहतो. त्यांच्या पाठीची उंची साधारण अर्धा इंच वाढवून मागच्या गळ्याशी किंवा खांद्यावर दोन छोटे टक्स घेतले की तो चिकटून बसतो. एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असणं तर फार सामान्य आहे. फरक अर्ध्या इंचापर्यंत असेल तर उतरत्या बाजूची खांद्याची शिवण तेवढी खाली घ्यायची आणि मुंढाही त्याच मापाने खाली न्यायचा. दोन स्तन तंतोतंत सारखे नसणं हेही नेहमीचंच. माप मोठ्या बाजूचं धरावं आणि दुसऱ्या बाजूला टक्स किंचित लहान ठेवून उरलेलं कापड बाजूच्या शिवणीत घ्यावं. या गोष्टी सांगायला बायका लाजतात. माप घेणाऱ्या व्यक्तीने आपणहून, हळू आवाजात विचारलं तर त्यांचा संकोच जातो.

आता दंडांविषयी. जाड दंड झाकायला हवेतच, हे गृहीतक मला मान्य नाही. बिनबाहीचा ब्लाऊज हवा असेल त्या बाईने तो जरूर शिवून घ्यावा. त्यासाठी मुंढा बाहीच्या ब्लाऊजपेक्षा अर्धा इंच वर ठेवावा, खांदा आत घ्यावा आणि कडेला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी किंचित ताणून लावावी, म्हणजे काखेपाशी कापड उभं राहत नाही. बाही हवी असेल तर ती दंडाच्या सर्वांत रुंद भागावर संपवू नये. दोन इंच वर किंवा दोन इंच खाली संपवली की पट्टी मांसात रुतत नाही. ही सूचना सोयीसाठी आहे, लपवण्यासाठी नाही.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर शिवायला येणाऱ्या स्त्रियांचा विचार तर शिवणवर्गात फारसा होतच नाही. त्यांच्यासाठी मऊ सुती अस्तर वापरावं, व्रणावर शिवण येऊ देऊ नये, हूक पुढे ठेवावेत. कृत्रिम स्तन वापरत असतील तर अस्तराच्या आतून सुती कप्पा शिवावा आणि तो वरून किंवा बाजूने उघडा ठेवावा, म्हणजे धुताना आतली वस्तू काढता येते. वापरायचा नसेल तर त्या बाजूचे टक्स काढून तो भाग सपाट बेतावा. दोन्ही पर्याय सारखेच प्रतिष्ठेचे आहेत आणि निवड तिची. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून दोन्ही दंड वेगवेगळे मोजावेत आणि त्या बाजूची बाही सैल ठेवावी. तिथे इलॅस्टिक मुळीच नको.

अस्तर न भिजवता शिवणं ही आणखी एक चूक. सुती अस्तर काही तास पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरच्या कापडाला सुरकुत्या येतात आणि ब्लाऊज घट्ट होतो. ‘महिन्याभरात सुटले’ असं वाटायला हे अस्तर कारण असू शकतं.

आणि माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, सढळ ठेवावी. दोन बाजूंच्या शिवणींत मिळून चार पदर असतात. प्रत्येक पदरात १ इंच जादा ठेवला तर घेर ४ इंचांपर्यंत वाढवता येतो. बाहीच्या शिवणीतही तेवढीच माया हवी, नाहीतर काखेत अडतं. शिलाई पाव-पाव इंचाच्या अंतराने तीन ओळींत मारावी. दोन्ही बाजूंची आतली एकेक ओळ उसवली की घेर बरोबर १ इंच सैल होतो. ब्रोकेडवर सुईची भोकं दिसतात, तिथे मात्र एकच ओळ मारावी. मोठ्या मापाला किंवा कोपरापर्यंतच्या बाहीला साडीसोबतचा ८० सेंटिमीटरचा तुकडा पुरत नाही, मग मायेवरच कात्री चालते. छाती ४२ च्या पुढे असेल तर सव्वा मीटर कापड वेगळं घ्यावं.

आपल्या जुन्या गाठीच्या खणाच्या चोळीला ही कटकट नव्हती. पुढची टोकं अंगाप्रमाणे आवळायची किंवा सैल बांधायची. नऊवारही कंबर कितीही असो, नेसता येतं. तयार कपडे आले आणि त्यासोबत एस, एम, एल आलं. एका दुकानातलं एल दुसऱ्या दुकानात डबल एक्स-एल निघतं, आणि लेबलवरच्या त्या अक्षरावरून बाई आपली किंमत ठरवते. भारतीय अंगांची मापं नीट घ्यायचं काम निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या ‘इंडियासाइज’ प्रकल्पात हाती घेतलं. १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, असं त्याचं स्वरूप. मुंबईही त्यात होती. त्याचा उपयोग गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचायला हवा.

तोपर्यंत दोन विनंत्या. शिवणवर्गांनी आणि आयटीआयच्या शिवण अभ्यासक्रमांनी सराव एकाच साच्याच्या पुतळ्यावर न थांबवता बाक, उतरता खांदा, भरली छाती आणि शस्त्रक्रियेनंतरचं अंग यांचे बेत परीक्षेत घ्यावेत. आणि तयार ब्लाऊज, कुर्ती विकणाऱ्यांनी लेबलवर अक्षराऐवजी इंच छापावेत: ‘अंगाची छाती ३८, शिवलेला घेर ४०, बाजूला माया १’. आपल्या पुरवणीतही सल्ल्यांऐवजी माप घेण्याचं एक चित्र छापलंत तर अनेकींच्या उपयोगी पडेल.

कळावे,
एक शिवणशिक्षिका, मिरज