मुका मार हलका समजू नका

महोदय,

रस्ते अपघातांवरील आपल्या रविवारच्या लेखात डोक्याच्या दुखापतीबद्दल विस्ताराने लिहिले आहे, पण पोटाच्या मुक्या माराचा साधा उल्लेखही नाही, ही उणीव मला फार खटकली.

गेल्या पावसाळ्यात इथे रामबागेत माझा भाचा सायकलवरून घसरला आणि हँडलचे टोक त्याच्या पोटात बसले. वरून दिसायला रुपयाएवढा लाल वळ, बस्स. एका दवाखान्यात मलम लावून त्याला घरी पाठवले. रात्री पोर पांढरेफटक पडले, अंग घामाने थबथबले, आणि डावा खांदा दुखतो म्हणून रडू लागले. खांद्याला तर काही लागलेच नव्हते! प्लीहा, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली असलेला अवयव, फाटून पोटात रक्त साचले होते. ते रक्त छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचले की कळ खांद्यात उठते, हे आम्हाला नंतर समजले. तो वाचला.

पहिली सोनोग्राफी चांगली आली तरी आतला रक्तस्राव पुढे वाढू शकतो. म्हणून नाडी, रक्तदाब आणि पोट पुन्हा पुन्हा तपासावेच लागते. जांघेतला मार तर मुले लाजेपोटी सांगतच नाहीत. तो आपणहून विचारायला हवा. लघवीच्या जागी रक्त दिसले तर मूत्रमार्गाची तपासणी होईपर्यंत लघवीची नळी घालू नये.

पोटाला मार लागलेल्या मुलाला शहरातल्या रुग्णालयांनी रात्रभर देखरेखीखाली ठेवावे आणि घरी सोडताना धोक्याची लक्षणे पालकांना कागदावर लिहून द्यावीत.

— एक वाचक, रामबाग, इंदूर