काका, गाडी शेवटी काळीच केली

प्रिय काका,

गाडी घरी रंगवायला शिकवलंत, पण तुमचे आभार तोंडावर मानायची सोय नाही. "बरं बरं" म्हणून तुम्ही हातातलं काम पुढे चालू करता. म्हणून हे जाहीर पत्र. निदान मध्येच थांबवता तरी येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी १९३२ च्या फोर्डवर बांधलेली हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी; त्यातही छत नसलेली रोडस्टर. त्याच वर्षी फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन दिलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या पोरांनी अशा गाड्यांची मडगार्डं उतरवून त्या कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर पळवल्या. पैसा इंजिनात जायचा, रंगाची पाळी शेवटी यायची. कित्येक गाड्या नुसत्या प्रायमरवरच, म्हणजे रंगाखालच्या अस्तरावरच, धावायच्या.

मला मात्र हवा होता चमचमता मेटॅलिक निळा, तोही घरीच, स्प्रे कॅनने. तुम्ही हसला नाहीत. बॉनेटवर हात ठेवून एवढंच विचारलंत, "डब्याचा पट्टा किती रुंद पडतो, सांग." तिथेच निळ्याचा निकाल लागला. अरुंद पट्टे एकमेकांवर चढतात तिथे मेटॅलिकचे कण कमीजास्त बसतात आणि उन्हात पट्टे दिसतात. साधा रंग हे सांभाळून घेतो. सॅटिन, म्हणजे मंद चमकेच्या, काळ्यात तर प्रतिबिंबच धूसर, त्यामुळे पत्र्यातले बारीक चढउतार लपतात. शिवाय मडगार्डं नसलेल्या गाडीचे भाग सुटे करून एकेक रंगवता येतात, म्हणजे डब्याच्या आवाक्यातलं काम. मोठ्या बंद गाडीला तुम्ही हो म्हणाला नसता, हे मला ठाऊक आहे.

खरा ऋणी आहे तो रंगाच्या आधीच्या कामासाठी. घासण्याआधी तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पत्रा पुसायचा, कारण आधी घासलं तर तेच तेल ओरखड्यांत जाऊन बसतं, हा क्रम तुम्ही जवळजवळ दरडावून पाळायला लावलात. मग खळग्यांत लांबी (पुट्टी) भरली, १८० च्या सँडपेपरने घासली, प्रायमर मारला. माझ्या डोळ्यांना दरवाजा आरशासारखा सपाट दिसत होता. तुम्ही राखाडी प्रायमरवर लांबूनच काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवायला सांगितलंत आणि पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून माझ्या हातात दिलात. उंचवट्यांवरचा काळा झटक्यात गेला. हँडलच्या खाली मात्र तळहाताएवढा डाग तसाच राहिला. म्हणजे तिथे खोलगट. बोटांनी घासलं असतं तर बोटंही त्या खळग्यात उतरली असती आणि काळं निघून गेलं असतं. ठोकळा खोटं बोलत नाही, असं तुम्ही म्हणालात. मी मनात तुम्हाला शिव्या देत पुन्हा लांबी कालवायला घेतली. त्या शिव्या आता मागे घेतो.

डबा हातात आला तेव्हा सांगण्यासारखं फार उरलंच नव्हतं. आतली गोळी वाजायला लागल्यावरही दोन मिनिटं हलवायचा. गार असेल तर कोमट पाण्यात ठेवायचा, गरम पाण्यात कदापि नाही. पत्र्यापासून वीतभर अंतर, हात मनगटातून न वळवता खांद्यातून सरळ, फवारा पत्र्याच्या अलीकडे सुरू करून पलीकडे सोडायचा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा. पहिला हात विरळ. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं दम धरायचा, नाहीतर खाली अडकलेला थिनर वर येताना बारीक फोड काढतो. दमट हवेत तर डबा उघडायचाच नाही. रंगावर पांढुरकी झाक चढते.

एका बाबतीत तुम्ही कडक होतात आणि ते बरंच झालं. वरच्या सॅटिन क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, डबा टू-के (दोन घटकांचा) होता: बुडाची कळ दाबली की थर कडक करणारा हार्डनर आत मिसळतो, मग ठरावीक मुदतीत डबा संपवायचा, उरला तर फेकायचा. हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक असतं. साध्या कापडी मास्कवर मी ते मारायला निघालो असतो तर तुम्ही गॅरेजला कुलूपच लावलं असतं. तुम्ही स्वतःचा हवा पुरवणारा मास्क आणून दिलात, घरच्यांना लांब पाठवलंत, गॅसची ज्योत कुठे जळत नाही ना, ते फिरून पाहिलंत. उघडा प्रायमर ओल शोषतो आणि खाली गंज धरतो, म्हणून हा शेवटचा थर टाळून चालणार नव्हतं. त्यात सॅटिनला नंतर घासून चमकवायची सोय नाही. पडला तसा राहतो.

या सगळ्या काळात तुम्ही एकदाही डबा माझ्या हातून घेतला नाहीत. घेतला असतात तर बॉनेट अधिक सुबक झालं असतं, यात वाद नाही. पण गाडी तुमची झाली असती. गाड्या रंगवायच्या बंदिस्त बूथमधल्या कामाशी या रंगाची बरोबरी नाही हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. नाहीच आहे. डाव्या बाजूला वाकून पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा दिसतो, आणि मला तो चालतो.

आता चाकं राहिली आहेत. मन लालकडे ओढतंय, घरात मत क्रीमला आहे. रिम आतून खोलगट, डबा आडवा धरला की कोपऱ्यात रंग पोचत नाही. टायर काढूनच मारू ना? सवडीने कळवा.

तुमचा,
काळ्या रोडस्टरवाला